पहाटे तीनला नाइटिंगेल? (पार्ले पूर्व)

रातपाळी
११ एप्रिल, पहाटे ४:४०

मंडळी, पक्ष्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करतो. कावळा, कबूतर, चिमणी, फार तर पोपट. यापुढे आपली ओळख नाही. तरी धागा काढतोय, कारण आठवडाभर डोक्यात भुंगा आहे.

माझं काम अमेरिकेच्या घड्याळावर चालतं. संध्याकाळी साडेसातला लॅपटॉप उघडायचा, पहाटे साडेचारला मिटायचा. घर पार्ले पूर्वेला, तीन मजली जुनी इमारत, गेली सहा वर्षं रिडेव्हलपमेंटच्या रांगेत उभी. टेबल मागच्या खिडकीला लावलंय. खिडकीसमोर सोनमोहर आणि त्याला खेटून रस्त्याचा दिवा.

तर रोज तीन-सव्वातीनला एक पक्षी गायला लागतो. ओरडत नाही, गातो. एक लांब शीळ वर चढत जाते, मग दोन-तीन बारीक हरकती, मग घशातल्या घशात काहीतरी खरखर, की परत शीळ. पण आधीची नाही, वेगळीच. पाऊण तास हेच. परवा मीटिंगमध्ये माइक बंद करायचा राहिला तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, तुमच्याकडे उजाडलं वाटतं. म्हटलं, नाही हो, अजून दूधवालासुद्धा आलेला नाही.

फोनमध्ये आवाजावरून पक्षी ओळखणारं एक ॲप आहे. त्याला ऐकवलं. लगेच उत्तर: नाइटिंगेल.

आता घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते, नाइटिंगेल म्हणजे कोकिळा, उगाच इंग्रजी झाडू नकोस. सासरे म्हणतात, नाइटिंगेल म्हणजे बुलबुल, आणि बुलबुल तर आपल्या कढीपत्त्याच्या कुंडीवर रोज बसतो, त्यात काय नवल? जाणकारांनी निवाडा करावा.

तिरसट
११ एप्रिल, सकाळी ९:१५

आमच्या डोंबिवलीत पहाटे तीनला दोनच गाणी: कुत्री आणि शेजाऱ्यांची पाण्याची मोटर. झोपत जा.

अबोली
११ एप्रिल, सकाळी १०:०२

वहिनींचा पक्ष घ्यायचा होता, पण वर्णन वाचून घेता येईना. आमच्या गिरगावातही कोकिळा साडेतीनपासून सुरू होते, फक्त तिचा सूर एकच. कुहू, कुहू, चढत जाते आणि ताणून ताणून एकदम तुटते. हरकती-बिरकती तिच्या गायकीत नाहीत.

अवांतर: बी.ए.ला नाइटिंगेलवरची एक कविता होती. सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं, नाइटिंगेल म्हणजे कोकिळा. वर्षभर आम्ही डोळ्यांसमोर काळी कोकिळा आणि आमराई ठेवून ती कविता वाचली. मार्क मात्र चांगले पडले.

पाणथळ
११ एप्रिल, दुपारी १:३०

अबोलीताई, एक दुरुस्ती. कोकिळा गात नाही. गातो तो कोकीळ, म्हणजे नर, काळा कुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर ठिपके. ती किक्-किक्-किक् करत झाडातून सुटते, आणि बहुतेक वेळा मागे कावळा लागलेला असतो, कारण ती त्याच्याच घरट्यात अंडं घालून आलेली असते.

मजा अशी की नाइटिंगेलचंही तेच. रात्र रात्र गातो तो नर, आणि युरोपच्या जुन्या कथा-कवितांनी गाणं मादीच्या नावावर चढवलं. आपण सरोजिनी नायडूंना भारत कोकिळा म्हणतो, लताबाईंना गानकोकिळा. इंग्रजीत दोघींनाही नाइटिंगेल. पक्षी वेगळे, भाषा वेगळ्या, चूक एकच.

आता रातपाळींचा प्रश्न. खरा नाइटिंगेल मुंबईत येत नाही. भारताच्या पक्ष्यांच्या यादीत त्याचं नाव आहे ते वाट चुकलेला पाहुणा म्हणून. युरोपपासून पार मध्य आशियापर्यंत तो वीण करतो आणि थंडीत सगळेच्या सगळे आफ्रिकेत उतरतात. त्यातही पाहण्यासारखी गोष्ट ही की कझाकस्तानातलं अल्माटी नकाशावर मुंबईच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. त्या बाजूचा नाइटिंगेल नाकासमोर दक्षिणेला निघाला तर आपल्याकडेच यायचा. पण तो नैर्ऋत्येला वळतो आणि केनिया-टांझानियाच्या बाजूला जातो. त्याच्या पूर्वजांनी तो रस्ता धरला, तो आजही पिल्लांच्या अंगात उतरतो. कुणी बरोबर नेऊन दाखवायला लागत नाही.

तेव्हा तुमचा गवई दुसरा कुणीतरी आहे. ॲपमध्ये ठिकाण कुठलं निवडलंय ते आधी बघा.

रातपाळी
११ एप्रिल, दुपारी २:५५

अरे देवा. गेल्या वर्षी ऑफिसने फ्रँकफर्टला धाडलं होतं, तेव्हा तिथल्या एकाने ते ॲप घालून दिलं. ठिकाण अजून फ्रँकफर्टच आहे. म्हणजे बिचाऱ्या ॲपने जर्मनीतले पक्षी चाळले आणि त्यातल्या त्यात जवळचा उचलला.

बदलून बघतो. पण तो आता गाणार थेट पहाटे.

तिरसट
११ एप्रिल, दुपारी ३:१०

फ्रँकफर्टचा पक्षी पार्ल्यात. बरोबर आहे, विमानतळ जवळच आहे.

गुलकंद
११ एप्रिल, रात्री ९:४०

सासऱ्यांना इतक्या सहज हरवू नका. ते चुकलेत, पण त्यांच्या पाठीशी काही शतकं आहेत.

फारसीत बुलबुल म्हणजे नाइटिंगेलच. गुल आणि बुलबुल, म्हणजे गुलाब आणि त्याच्यासाठी रात्रभर तळमळणारा आशिक. इराणच्या बागांत हे खरोखर घडतं. गुलाब फुलायचा आणि नाइटिंगेल गायचा हंगाम एकच. हा बुलबुल फारसीबरोबर उर्दूत आला, दरबारात आला, गझलेत बसला. पक्षी मात्र सीमेपलीकडेच राहिला. इथल्या लोकांना नाव होतं, पक्षी नव्हता. मग ते नाव जाऊन चिकटलं आपल्या शेंडीवाल्या, बुडाखाली लाल असलेल्या पक्ष्याला. इंग्रजांनी तेच उचललं, आणि आता जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत बुलबुल म्हणजे आपला बुलबुल. गझलेतला बुलबुल बेघर झाला.

मध्य आशियातल्या ज्या नाइटिंगेलबद्दल पाणथळ बोलले, त्या उपजातीला एके काळी शास्त्रीय नावातच हाफिझी म्हणत. शिराजच्या हाफिझ कवीवरून. पुढे दुसरं नाव ग्राह्य धरलं गेलं. मला अजून वाईट वाटतं.

अतिअवांतर: गणपतीत वाजतो तो बेंजो, त्याचं खरं नाव बुलबुलतरंग. त्या आवाजाचा आणि या पक्ष्याचा संबंध जोडणाऱ्याला माझा दंडवत.

अबोली
११ एप्रिल, रात्री १०:०५

आणि आमच्या आईला नाइटिंगेल म्हटलं की कंदील घेतलेली नर्सबाईच आठवते. तिच्या नर्सिंगच्या वर्गात फोटो होता.

दूरदेशी
१२ एप्रिल, रात्री १:२०

बर्लिनमध्ये राहते, मूळची ठाण्याची. खरा नाइटिंगेल दर वर्षी ऐकते म्हणून लिहिते.

इथे तो एप्रिलच्या मध्यानंतर येतो. शहरात हजारावर जोड्या आहेत, म्हणजे त्याला शोधायला जंगलात जावं लागत नाही. पहिल्या वर्षी मी ट्रेप्टो पार्कच्या कडेने रात्री साडेअकराला घरी येत होते. रेल्वेच्या कुंपणाशी काटेरी झुडपांची दाटी होती, वर पथदिवा, आणि आतून हा आवाज. खरं सांगू? मी घाबरले. मोठा म्हणजे किती मोठा! पियू, पियू, पियू अशी एकच शीळ, आधी अगदी दबकी, मग प्रत्येक वेळी थोडी मोठी, जणू कुणीतरी अंधारातून आपल्याकडे चालत येतंय. एकदम तुटते, आणि त्यावर जग-जग-जग-जग असा खडखडाट. मग गप्प. दोन-तीन सेकंद काहीच नाही. त्या गप्प बसण्याने अंगावर काटा येतो. आणि पुढची चीज सुरू होते ती आधीच्या चिजेशी काही देणंघेणं नसलेली.

एकेका नराकडे अशा सरासरी १८०च्या आसपास वेगवेगळ्या चिजा असतात. पक्षी दिसायला मात्र काहीच नाही. चिमणीपेक्षा जरासा मोठा, अंग तपकिरी, शेपूट तांबूस. दिवसा समोर बसला तर मान वळवून बघणार नाही कुणी.

शेजारचे आजोबा मे महिन्यात खिडकी लावून झोपतात. म्हणतात, सुंदर आहे, पण मला सहाला उठायचं असतं. तिरसट, तुमचे भाऊबंद इथेही आहेत.

तिरसट
१२ एप्रिल, सकाळी ८:३०

आजोबांना माझा नमस्कार सांगा.

पण एक शंका. एवढं मोठ्याने रात्री कशाला? दिवस पुरत नाही का?

दूरदेशी
१२ एप्रिल, दुपारी ४:४५

दिवसाही गातो. रात्रीचं गाणं मुख्यतः बिनजोडीच्या नराचं. नर आधी येऊन जागा धरतात, माद्या नंतर येतात, आणि येतात त्या रात्रीच्या प्रवासाने. वरून जाणारीला खाली बोलवायचं तर रात्रीच हाक मारायला हवी. माद्यांना छोटे ट्रान्समीटर लावून तपासलं तेव्हा दिसलं की त्या अंधारात एका नराकडून दुसऱ्याकडे फिरून सगळ्यांना ऐकून येतात. जोडी जमली की नर रात्रीचं गाणं बंद करतो. म्हणजे जून जवळ आला तरी मध्यरात्री जो जीव तोडून गातोय, त्याचं अजून जमलेलं नाही असं समजायचं.

आणि मोठ्याने का, तर त्यावरही इथे काम झालंय. बर्लिनच्याच नाइटिंगेलांचा आवाज मोजून २००४ साली एका संशोधकाने लिहिलं की वर्दळीच्या रस्त्याकडेचे नर जास्त जोराने गातात, आणि शनिवार-रविवारी गाड्या कमी झाल्या की आवाज खाली आणतात.

गुलकंद
१२ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

म्हणजे गुलाबासाठी नव्हे, स्थळासाठी. गझलेची वाटच लावली.

रातपाळी
१३ एप्रिल, सकाळी ६:३५

दिसला! आज मुद्दाम लॉग-आउट झाल्यावर खिडकीत बसून राहिलो.

पावणेपाचला थांबला होता. सहाला झुंजूमुंजू झालं आणि परत सुरू. यावेळी झाडात नव्हता; समोरच्या गच्चीवर डिश अँटेना आहे, तिच्या पुढे आलेल्या दांड्यावर होता. काळाभोर, अंगाला निळसर झाक, पोट पांढरंशुभ्र, पंखावर खडूने ओढावी तशी पांढरी रेघ. शेपूट उभी. गाताना ती हळूहळू खाली येते आणि शीळ संपली की टचकन वर. चोच उघडल्यावर गळ्याची पिसं फुगलेली दिसत होती.

ॲपचं ठिकाण बदललंय. आता ते म्हणतंय ओरिएंटल मॅगपाय-रॉबिन. मराठीत?

पाणथळ
१३ एप्रिल, सकाळी ७:१०

दयाळ. अभिनंदन!

खरं तर तुमच्या पहिल्या वर्णनावरूनच माझा संशय होता, पण न बघता सांगितलं की पंचाईत होते. दयाळ मुंबईत बारमाही आहे. फक्त थंडीत तो गप्प असतो, झुडपांखाली चर्र-चर्र करत फिरतो, म्हणून कुणाला पत्ता नसतो. मार्च उजाडला की झाडाचा शेंडा, अँटेना, पाण्याची टाकी, मिळेल ती उंच जागा पकडून गायला लागतो. जुलैपर्यंत चालतं.

आणि आता घरच्या दोन्ही पक्षांना सांगा: कोकीळ हा पावशा-चातकांच्या कुळातला, त्याचा नाइटिंगेलशी काही संबंध नाही. बुलबुलाचं कुळ तिसरंच. पण दयाळ आणि नाइटिंगेल एकाच कुळातले, माशीमार पक्ष्यांच्या. पूर्वी दोघांनाही कस्तुरांच्या कुळात धरत, तिथून उचलले तेही दोघांना मिळून. म्हणजे फ्रँकफर्टवाल्या ॲपने चूक केली, पण भाऊबंदकीतच केली.

याच कुळातला गप्पीदास तुम्हाला आरेच्या माळावर दिसेल. थंडीत येणारा थिरथिरा, सारखी शेपूट थरथरवणारा, तोही यातलाच. आणि शंकर, इंग्रजीत ब्लूथ्रोट, हा तर नाइटिंगेलच्याच प्रजातीत, म्हणजे जीनसमध्ये, मोडतो. तो आपल्याकडे थंडीत येतो! भांडुप उदंचन केंद्राच्या वाटेवर पाणगवताच्या कडेला जानेवारीत सकाळी गुपचूप उभे राहा. एक तपकिरी पक्षी चिखलावर तुरुतुरु बाहेर येतो, वळतो, आणि गळ्यावर निळा-तांबडा पट्टा दिसतो. तीन सेकंद. परत गवतात. गाणं मात्र तो उत्तरेत ठेवून येतो.

अबोली
१३ एप्रिल, सकाळी ९:००

शाळा सुटल्यावर चाळीस वर्षांनी फळा पुसला गेला. पण मग त्या सरांनी लिहायचं काय होतं? नाइटिंगेल म्हणजे दयाळ?

गुलकंद
१३ एप्रिल, सकाळी ११:२५

नाही, तेही नको. नाइटिंगेल म्हणजे नाइटिंगेल. पण मुलांना कसा गातो विचारलंत तर कोकिळेकडे न्यायचं नाही, पहाटे दयाळ ऐकवायचा.

बोरकूट
१३ एप्रिल, दुपारी १२:४०

दादा, सोपी आयडिया. नेटवर दयाळचं रेकॉर्डिंग मिळतं. ब्लूटूथ स्पीकर खिडकीत ठेवून लावा, एकदम जवळ येतो. मस्त व्हिडिओ मिळेल. मी कर्नाळ्याला केलंय.

पाणथळ
१३ एप्रिल, दुपारी १:१५

बोरकूट, कृपा करून पुन्हा करू नका, आणि दुसऱ्यांना सांगूही नका.

तो तुम्हाला भेटायला जवळ येत नाही. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. खाणंपिणं, घरटं सोडून तो त्या नसलेल्या नराला शोधत बसतो. दयाळ या बाबतीत फार तापट, काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशीसुद्धा भांडतो.

रातपाळी
१३ एप्रिल, दुपारी ३:३०

थांबा थांबा. महिनाभर माझ्या स्कूटरच्या उजव्या आरशावर पांढरे शिंतोडे असतात आणि काचेवर ओरखडे. मी वॉचमनला बोललो, पोरांना बोललो. आत्ता खाली जाऊन बघितलं तर हाच! आरशाच्या कडेवर बसतो, वाकून आत बघतो, चोच मारतो, मागे जाऊन बघतो कुणी आहे का, परत पुढे.

आरशावर जुना मोजा चढवलाय. वॉचमनची माफी मागितली.

आता खरा प्रश्न. हा तीनला का उठतो? गुलकंद म्हणतात पहाटे गातो, पण तीन म्हणजे पहाट नव्हे. दिव्यामुळे असेल का? आधी पिवळा दिवा होता, आता पांढरा आहे, खोलीत पडदा लावावा लागतो इतका.

पाणथळ
१३ एप्रिल, रात्री ८:५०

दिव्याचा वाटा असणारच, दिव्याशेजारी दयाळ अपरात्री गाताना मीही ऐकलाय. पण सगळा दोष दिव्याला देऊ नका.

इंग्लंडात शहरातले लोक दर वर्षी सांगतात की रात्री नाइटिंगेल ऐकला. बहुतेक वेळा तो दिव्याखाली गाणारा तिथला रॉबिन निघतो, तोही याच कुळातला. तुमचीच गोष्ट, उलट्या बाजूने. शेफील्ड शहरात त्यावर अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. अपेक्षा होती की जिथे उजेड जास्त तिथे रात्रीचं गाणं जास्त. पण जास्त जुळलं ते दिवसाच्या गोंगाटाशी. जिथे दिवसा आवाज फार, तिथले रॉबिन रात्री गात होते.

तुमच्याकडे दिवसा काय चालतं?

रातपाळी
१३ एप्रिल, रात्री ९:१०

शेजारच्या प्लॉटवर पायाचं काम. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. मी कानात बोळे घालून झोपतो. वरून विमानं आहेतच.

म्हणजे आम्ही दोघंही एकाच कारणाने रातपाळीला.

तिरसट
१३ एप्रिल, रात्री ९:३०

त्याला पगार नाही एवढाच फरक.

दूरदेशी
१४ एप्रिल, रात्री १२:५०

रेडिओची गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून सांगते. १९ मे १९२४. इंग्लंडात सरे परगण्यात बिअट्रिस हॅरिसन नावाची चेलोवादक राहायची. बागेत रात्री वाजवायला बसली की झुडपातून नाइटिंगेल साथ करायचा, असं तिने बीबीसीला पटवलं. तेव्हा स्टुडिओबाहेरून थेट प्रक्षेपण ही नवलाई होती. माइक बागेत नेले आणि लाखो लोकांनी ऐकलं. त्या रात्री पक्षी ऐन वेळी गप्प राहिला असता तर म्हणून पक्ष्यांचे आवाज काढणाऱ्या बाईला बसवलं होतं, असा संशय अलीकडे व्यक्त झालाय. तो बाजूला ठेवू. पुढे दर वर्षी मे महिन्यात हा कार्यक्रम व्हायचा. १९४२ साली माइक लावून बसले होते आणि पक्ष्याच्या आवाजामागे घरघर ऐकू यायला लागली. जर्मनीवर बॉम्ब टाकायला निघालेली विमानं. शत्रूला सुगावा लागेल म्हणून प्रक्षेपण तोडलं, पण ध्वनिमुद्रण चालू राहिलं. ते आजही ऐकायला मिळतं. विमानं येतात, वाढतात, जातात. पक्षी थांबत नाही.

ज्या मॅनहाइमला ती विमानं निघाली होती ते फ्रँकफर्टपासून तासाभरावर.

रातपाळी
१४ एप्रिल, पहाटे ४:५०

हे तीन वाजता ऐकलं. आत फोनवर तो, बाहेर हा. वरून कतारकडे जाणारं विमान गेलं की काय कोण जाणे, पण आमचाही थांबला नाही.

अबोली
१४ एप्रिल, सकाळी १०:३०

इवलासा पक्षी आफ्रिकेपर्यंत जातो कसा, हे कुणीतरी समजावा. तेही एकटा, रात्री.

पाणथळ
१४ एप्रिल, दुपारी २:२०

दहा रुपयांची तीन नाणी तळहातावर ठेवा. साधारण तेवढं वजन. त्यात भूमध्य समुद्र आणि सहारा.

एक प्रयोग मला फार आवडतो. नाइटिंगेलचा एक जुळा भाऊ म्हणावा असा पक्षी आहे, थ्रश नाइटिंगेल, तो आणखी उत्तरेला असतो. स्वीडनमध्ये त्याचे पहिल्याच वर्षाचे, कधीही प्रवास न केलेले पक्षी घेतले आणि विजेच्या वेटोळ्यांनी त्यांच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलत नेलं, शेवटी उत्तर इजिप्तमध्ये असतं तसं. पक्षी होते स्वीडनच्या पिंजऱ्यातच. पण ज्यांना चुंबकीय इजिप्त दाखवला त्यांनी दाबून खाल्लं आणि अंगावर चरबी चढवली. पुढे वाळवंट आहे, शिदोरी बांधा, असा निरोप त्यांना जमिनीच्या चुंबकत्वातून मिळाला. कधी न पाहिलेल्या वाळवंटाचा. २००१ सालचं संशोधन आहे.

पण हे गणित बिघडतंही. मध्य स्पेनमधल्या नाइटिंगेलांचे पंख वीस वर्षांत आखूड होत गेल्याचं मोजलंय. तिथला वसंत लहान आणि कोरडा होत चाललाय, आणि लांब पल्ल्याच्या उड्डाणाला आखूड पंख बरे नव्हेत. ब्रिटनमध्ये तर १९६०च्या दशकापासून दहातले नऊ गेले. त्याला जमिनीलगतची दाट, काटेरी, अस्ताव्यस्त झुडपं लागतात. ती हरणांनी खाल्ली, काही माणसांनी साफ केली.

बर्लिनमध्ये तो टिकला याचं कारण विचाराल तर तिथल्या बागांचे कोपरे कुणी फारसे नीटनेटके करत नाही. आपल्याकडे सोसायटीच्या बागेत आधी काय जातं? कोपऱ्यातली झुडपं. मग लॉन, मग रंगीत दिवे, मग पाटी: सौजन्य अमुक तमुक.

रातपाळी
१९ एप्रिल, सकाळी ६:१५

ताजी खबर. मादी आली. तशीच, पण काळ्याच्या जागी राखाडी, जणू त्याचंच छापील चित्र शाई संपत आल्यावर काढलेलं. आमच्या मागच्या भिंतीत जुन्या सांडपाण्याचा पाइप काढल्यावर भोक राहिलंय, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे. सकाळपासून ती चोचीत वाळलेलं गवत, मुळं आणि झाडूचा एक हीर घेऊन आत-बाहेर करते. साहेब अँटेनावर गातात. एक काडी आणली असेल तर शपथ.

बायको म्हणाली, ओळखीचं वाटतंय.

अडचण अशी की सोमवारपासून त्याच भिंतीची गळती दुरुस्त करायला माणूस येणार आहे. भोक बुजवणं यादीत आहे.

पाणथळ
१९ एप्रिल, सकाळी ७:००

बुजवू देऊ नका. मादी एकटीच अंडी उबवते, साधारण बारा-तेरा दिवस. मग पिल्लं उडायला आणखी पंधरवडा. महिनाभराचा प्रश्न आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरटं आणि अंडी मोडणं हेही शिकारीतच धरलंय, हे सेक्रेटरींना सांगा, पण शेवटी. आधी गोड बोलून बघा.

अबोली
१९ एप्रिल, सकाळी ९:४५

गोड म्हणजे खरंच गोड. एक किलो चितळे घेऊन जा.

रातपाळी
२२ एप्रिल, पहाटे ४:३५

चितळे लागले नाहीत. सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात, वय अठ्ठ्याहत्तर, झोप नाही. म्हणाले, तीनला गातो तो का? अहो, मी त्याच्यासाठीच जागा असतो, मला वाटलं बुलबुल. आणि वहीत लिहून टाकलं: मागील भिंतीचे काम पावसाआधी, मे अखेरीस.

माझ्या सासऱ्यांची आणि त्यांची आता गच्चीवर बैठक असते. दोघंही अजून बुलबुलच म्हणतात.

रातपाळी
२१ मे, सकाळी ६:०५

उडाली. तीन दिसली, चौथं होतं की नाही माहीत नाही. अंगावर तपकिरी ठिपके, शेपूट आखूड, एक जण थेट स्कूटरच्या सीटवर. आरशावरचा मोजा काढायची घाई करत नाही.

भिंतवाल्याला सोमवारी बोलावलंय.

तिरसट
२४ मे, पहाटे ४:२२

डोंबिवली पूर्व, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. आत्ता. शेपूट उभी, पंखावर पांढरी रेघ. बायकोला उठवून दाखवला. चिडली.